खाली नाव नसलेला कागद

मामांचा छापखाना हुबळीत होता. आता ते धारवाडला माळमड्डीत राहतात. मी वकिली करते. वाद निघाला तो बेचाळीसच्या 'चले जाव' चळवळीत चोरून छापलेल्या बुलेटिनांवरून.

मामा : छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि गाव हवं. १८६७ चा तसा कायदा होता. इंग्रजांनी तो पाळत ठेवायला केला, हे मला ठाऊक आहे. पण मी ती ओळ कधी भीतीनं जुळवली नाही. ज्याला जाब विचारायचा त्याचं दार कुठं आहे, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

मी : आणि त्या दारात वाचणाऱ्याआधी पोलीस पोचणार असतील तर? ९ ऑगस्टच्या पहाटे पुढारी उचलले, गांधीजींचं 'हरिजन' बंद पडलं. चिमूरला बायकांवर अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी भन्साळी यांनी उपास धरला, तर त्या उपासाची बातमीसुद्धा छापायला बंदी. नाव घालून छापायचं काय मग, बाजारभाव?

मामा : काहीच छापायचं नाही. अटकेच्या आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर गांधीजींनी पत्रकारांना हेच सांगितलं होतं, बंधनं पत्करून चालवण्यापेक्षा पत्र बंद करा. आणि या लढ्यात लपवाछपवी पाप आहे, असंही सांगितलं होतं.

मी : सांगणारा दुसऱ्या दिवशी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत. बाहेर उरलेल्यांनी काय करायचं? उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जागा बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. आपल्याकडे 'कर्मवीर' पत्राचे रंगनाथ दिवाकर भूमिगत झाले. असा माणूस पापाचा विचार न करता लपला असेल का?

मामा : त्यांच्या धैर्याबद्दल मी बोलतच नाही. मला एवढंच सांग, त्या कागदात खोटं आलं तर? अमुक कचेरीवर तिरंगा चढला असं छापलं आणि तो चढलाच नव्हता. वाचून चार पोरं तिकडं धावली. जाब कुणाला विचारायचा?

मी : सरकारी निवेदनं काय कमी खोटी होती?

मामा : होती. पण त्यांच्याखाली सही होती, म्हणून ती आजही दफ्तरातून काढून खोटी ठरवता येतात. तुझ्या बुलेटिनला खोटं कसं ठरवशील? ते कुणाचंच नाही.

हा घाव मला लागला. मी पोलंडकडे वळले. तिथं जर्मनांचा ताबा होता, वॉर्सात बंदी असलेला अंक जवळ सापडला तर छळछावणी, नाहीतर मरण. तरी 'बियुलेटिन इन्फॉर्मात्सिय्नी' १९३९ पासून निघत राहिलं. संपादक आलेक्सांडर कामिन्स्की. अंकावर अर्थातच त्यांचं नाव नाही. खप हजारोंत.

मी : लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला तो नाव वाचून नव्हे. मागच्या अंकात छापलेलं पुढं खरं ठरायचं, म्हणून. नेमानं निघणारं पत्र स्वतःच आपली पत राखतं. खोटं छापलं तर पुढचा अंक कोण घेईल?

मामा : पत राखणाऱ्यांनी आणखी काय छापलं तेही सांग. ते बुलेटिन ज्या पोलिश भूमिगत सैन्याचं, त्याचीच 'अॅक्शन एन' नावाची मोहीम होती. जर्मन भाषेत पत्रं काढायची, ती जणू हिटलरला कंटाळलेल्या जर्मनांनीच काढलीत अशी. नाव नाही एवढंच नव्हे, नाव खोटं. तीच संघटना एका हातानं खरं छापते, दुसऱ्यानं डाव. वाचकानं कशावरून ओळखायचं?

मी : भाषेवरून. पोलिशमधलं आपल्यांसाठी, जर्मनमधलं शत्रूसाठी.

मामा : म्हणजे सत्य आपल्यांपुरतं.

मी : ज्यांच्या घरात घुसून लोक माणसं मारताहेत, त्यांच्याकडून मारेकऱ्यांशीही खरं बोलण्याची अपेक्षा मी करणार नाही.

मामा : करू नकोस. पण मग त्या कागदाला वर्तमानपत्र म्हणू नकोस. हत्यार म्हण. हत्यार म्हटलंस की माझा वाद संपला.

मी ते म्हटलं नाही. अजूनही म्हणणार नाही. चिमूरची बातमी हत्यार नव्हती, घडलेली गोष्ट होती. ज्याला ती सांगायची मनाई आहे, त्यानं नाव झाकून का होईना, सांगितलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मामांनी ते ऐकून घेतलं आणि एकदम भलतीकडेच वळले.

मामा : हुबळीत नारायण डोणी गोळीनं गेला, तेव्हा शाळकरी वयाचा होता. लिहिणाऱ्याला नाव झाकता येतं गं. मिरवणुकीत चालणाऱ्या पोराला तोंड झाकता येत नाही.

मी : लिहिणाऱ्यालाही नाव कायमचं झाकायचं नसतं. १९४४ मध्ये गांधीजींनी सांगितल्यावर दिवाकर उघड झाले. अरुणा असफअलींनी ते ऐकलं नाही. वॉरंट मागं घेतल्यावरच, १९४६ मध्ये, त्या बाहेर आल्या. पण दोघांनीही आपण केलेलं आपलं म्हटलं. नावाची ओळ पुसायची नाही, रिकामी ठेवायची. वेळ आली की भरायची.

मामा : जिंकलो म्हणून भरली. आणि जिंकल्यावर काय झालं? दिवाकर १९४८ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मंत्री असतानाच, १९५१ मध्ये, गृहमंत्री राजाजींनी आक्षेपार्ह मजकुराचा कायदा आणला. छापखान्यांकडून अनामत मागायची सोय त्यात होती.

मी : त्याचा दोष दिवाकरांना देणं अन्याय आहे.

मामा : दोष देत नाही. तुला वकील म्हणून विचारतो. त्या वर्षी कुणी नाव न घालता त्या कायद्याविरुद्ध पत्रक काढलं असतं, तर तू त्याच्या बाजूनं कोर्टात उभी राहिली असतीस?

मी : मजकूर पाहून.

मामा : सेन्सॉरही मजकूरच पाहतो.

मी : तो छापण्याआधी पाहतो, मामा. मी छापल्यावर पाहीन, आणि खरं आहे का एवढंच विचारीन.

मामा : खाली नाव नाही. विचारशील कुणाला?

मी : चिमूरच्या बायकांना. त्यांना विचारा म्हणून जो उपाशी बसला, त्याचीच बातमी दाबली होती ना?

मामा : त्या बायकांनी नाव सांगून साक्ष दिली, तर त्यांना कोण सांभाळणार होतं?

मी : कुणीच नाही. म्हणून तर तो कागद बिननावाचा निघाला.

मामा : आणि तसा निघाला म्हणूनच सरकारला म्हणता आलं, ही बाजारगप्प आहे.

हे त्यांचं म्हणणं मला आजही खोडता आलेलं नाही, आणि तरीही ते बुलेटिन निघायलाच हवं होतं, असंच मी म्हणते.