कपाटातील जुना मनुष्य

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने नवे कपडे शिवावेत काय? प्रश्न क्षुल्लक वाटतो. १९९० च्या दशकातील चुण्यांची ढगळ पँट, टेरिकॉटचे सदरे, सफारी, बटणे न लागणारा लग्नातला कोट असा संग्रह अनेक घरांच्या कपाटांत आहे. पत्नीने किंवा मुलांनी विषय काढताच गृहस्थ उत्तरतात, "अजून धड आहे की! शिवाय वस्त्रांची चिंता करू नका, ही तर प्रभूचीच आज्ञा." साधेपणासाठी असा शास्त्राधार घेतला जातो, तेव्हा तो तपासून पाहणे आपले कर्तव्य ठरते.

बायबलच्या काळी पॅलेस्टाईनमधील वस्त्रे बहुधा लोकरीची वा तागाची असत, आणि लोकर हे कसरीचे अन्न. म्हणून याकोब धनवानांना बजावतो की, तुमच्या वस्त्रांना कसर लागली आहे. साठवलेले वस्त्र मालकाविरुद्ध स्वतःच साक्ष देई. आपल्या टेरिकॉटला मात्र कसर लागत नाही. तो पंचवीस वर्षे निमूटपणे खुंटीवर राहतो आणि साठ्यालाच आपण साधेपणा समजू लागतो.

जुनेपणा हा दोष नव्हे. बंदिवासातील पौल तीमथ्याला कळवतो की, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये. आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर. त्याला थंडी वाजणार होती. झगा जुना असला तरी उपयोगाचा होता. आपल्या कोटाचा उपयोग कोणता? बहुधा एवढाच की, तो टाकला तर त्यासोबत तिशीतला आपणही टाकावा लागेल! मुलाचा तंग टी-शर्ट चढवून मिरवणारा गृहस्थ याच दुखण्याने पछाडलेला असतो. देवाने दिलेले वय दोघांनाही नको आहे.

कलस्सैकरांस लिहिताना पौल करुणा व नम्रता 'परिधान करा' म्हणतो. तेथील मूळ ग्रीक क्रियापद रोजचे कपडे घालण्याचेच आहे. त्याआधी जुना मनुष्य काढून टाकण्याची गोष्ट येते. काढल्यावाचून घालणे नाही.

कोणी विचारील, भपकेदार पोशाखाच्या माणसाला मान देऊ नका, असे याकोबच सांगतो ना? होय, परंतु तो उपदेश पाहणाऱ्याला आहे. त्यातून परिधान करणाऱ्याला गबाळेपणाची सनद मिळत नाही. उपासनेत आपल्याशेजारी बसणाऱ्याचा आदर स्वच्छ, अंगास बेताच्या वस्त्रांतूनही व्यक्त होतो.

मग काढलेल्या कपड्यांचे काय करावे? बाप्तिस्मा करणारा योहान दोन अंगरख्यांपैकी एक द्यावयास सांगतो. चिंध्या द्या, असे तो म्हणत नाही. चौथ्या शतकातील कैसरियाचे बिशप बेसिल यांनीही श्रीमंतांना बजावले की, पेटीत पडून राहिलेला झगा उघड्याच्या मालकीचा आहे. विरलेल्याचे फडके करावे. धड असेल ते धुऊन, इस्त्री करून, तुटलेले बटण लावून द्यावे. लंगडे जनावर वेदीवर आणणाऱ्यांना मलाखीने काय सुनावले, हे घेणाऱ्याच्या हाती पिशवी देताना आठवावे.

त्यानंतर शिंप्याकडे जाऊन आजच्या देहाचे माप द्यावे आणि दोन-तीन जोड शिवून घ्यावेत. कंबरेचा आकडा ऐकून लाजू नये. तो खरा आहे, आणि खऱ्याला धरून राहणे हा नम्रतेचाच भाग आहे.