फासा केव्हा टाकायचा?

भांडण नेमकं कधी सुरू झालं, हा प्रश्न शास्त्रात आहे, कोर्टात आहे, आणि मुलांच्या एका खेळातही आहे. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत छापून आणला. त्यात मुख्य काम बोलण्याचं. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. ‘मी दार उघडतो’, ‘मी त्याच्याशी बोलते’ असं म्हणत गोष्ट पुढे सरकते. जमलं की नाही, ते वीस पैलूंचा फासा सांगतो. (फासा म्हटल्याबरोबर आमच्या स्वाध्यायातल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सप्तव्यसनांत द्यूत आहेच ना! पण इथे पैसा लावत नाहीत. आणि ज्ञानचौपड तर आपल्याच घरांतली, तीही दानावरच चालायची.)

गोष्ट चालू आहे तोवर वेळेचा हिशेब मोकळा असतो, दोन दिवसांचा प्रवास एका वाक्यात संपतो. मारामारी सुरू झाली की मात्र प्रत्येकाने फासा टाकायचा, त्यात आपली चपळाई मिळवायची, आणि ज्याचा आकडा मोठा त्याची पाळी आधी. याला इनिशिएटिव्ह म्हणतात. मग एकेक फेरी सहा सेकंदांची. हा फासा केव्हा टाकायला लावायचा, ते मास्टरने ठरवायचं. भांडणं होतात ती इथेच.

सुट्टीत बैहरला भावाची मुलं आणि त्यांचे मित्र खेळत होते. गोष्ट त्यांनी आपल्याच घाटात रचलेली. बालाघाटहून चढून येणारी वाट, पहाटेचा अंधार, आणि समोर तीन अनोळखी माणसं. भाचा ओरडला, “मी बाण सोडतो!” त्याचं म्हणणं, मी आधी बोललो, तर बाण आधी माझाच लागणार. मास्टर झालेली भाची म्हणाली, “दादा, सोडतो म्हटलंस, सोडला नाहीस अजून. सगळे आधी फासा टाका.” खेळाची रीत तिच्याच बाजूची आहे. म्हणणं आणि होणं यांच्यामध्ये एक फट असते, आणि त्या फटीत समोरचाही हलू शकतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ही फट मोजून ठेवलेली आहे. संरंभ, समारंभ, आरंभ. मनात ठरवणं हा संरंभ. त्यासाठी साधनं जुळवणं हा समारंभ (आपण तो शब्द लग्नकार्याला वापरतो, तो भाग वेगळा). प्रत्यक्ष करणं हा आरंभ. या तिघांना मन-वचन-काय, कृत-कारित-अनुमोदन आणि चार कषाय यांनी गुणलं की १०८ होतात. जपमाळेचे मणी त्यासाठीच तितके, असं आपल्याकडे सांगतात.

मग फासा कोणत्या पायरीवर टाकायचा? संरंभावर, असं चटकन म्हणावंसं वाटतं. श्वेतांबर परंपरेत प्रसन्नचंद्र राजर्षींची कथा आहे. ते ध्यानात उभे असतात. रस्त्याने जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कानावर येतं की मागे ठेवलेल्या लहान मुलाचं राज्य मंत्रीच बळकावायला निघालेत. झालं, मनातल्या मनात युद्ध पेटतं. शस्त्रं संपतात, तेव्हा मुकुट फेकून मारावा म्हणून हात डोक्याकडे जातो, आणि हाताला मुंडलेलं डोकं लागतं. तिथून ते भानावर येतात. श्रेणिक राजाने त्यांना वाटेत वंदन केलेलं असतं, त्याला शांत मुनी दिसलेले असतात. महावीर त्याला सांगतात, त्या क्षणी मरण आलं असतं तर सातव्या नरकात गेले असते.

ही कथा मनातल्या हिंसेचा धाक म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. ते युद्ध दिसलं भगवंतांना, श्रेणिकाला नाही. आणि तुम्ही-आम्ही सगळ्या श्रेणिकाच्या जागी उभ्या आहोत. स्वतःपुरतं संरंभापासून मोजावं, जितकं कडक तितकं चांगलं. दुसऱ्याचा संरंभ मात्र आपल्याला दिसत नसतो. घाटातली ती तीन माणसं पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली असू शकतात. मास्टरने ती दिसल्याबरोबर ‘फासे टाका’ म्हटलं, की सगळ्यांचे हात तलवारीवर जातात, बोलून बघू या असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. लढाई मग तिनेच सुरू केलेली असते. आपल्या हिशेबात ते ‘कारित’ झालं.

म्हणून हात उठेपर्यंत थांबायचं का? इथे मला समाजातल्या थोरामोठ्यांशी भांडायचं आहे. एखादी सून माहेरी येऊन काही सांगायला लागली, की पहिला प्रश्न येतो, “मारलं तर नाही ना?” घराची किल्ली काढून घेतलेली असते, पैसे बंद केलेले असतात, फोन तपासला जातो, ‘बघतोच तुला’ हे रोजचं झालेलं असतं. मारलं नाही, खरं आहे. मग तिला क्षमाधर्म सांगून परत पाठवतात. क्षमावाणीचा दिवस तिच्याच वाट्याला वर्षभर! अहो, सूत्रात वचन वेगळं मोजलंय ते उगाच नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानेही मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ हिंसेत धरलाय. आणि गृहस्थाचं अहिंसाव्रत मुख्यतः संकल्पी हिंसा सोडण्याचं आहे, स्वतःला वाचवताना घडणाऱ्या विरोधी हिंसेचा पूर्ण त्याग त्याला सांगितलेला नाही. तिने कुलूप बदललं, पोलिसात गेली, तर तिचं व्रत मोडत नाही.

माझ्या मते फासा समारंभाला टाकायचा. नुसतं मनात आहे तेव्हा नाही, वार बसल्यावरही नाही. मनातलं काहीतरी बाहेर आलं, धमकीचा शब्द निघाला, बाण भात्यातून निघाला, किल्ली काढून घेतली, तेव्हा. इकडे मुक्की गेटमधून कान्हात जाणारे गाइड चितळाच्या कॉलपेक्षा वानराच्या कॉलवर जास्त भरवसा ठेवतात. चितळ पुष्कळदा उगाच दचकतं. वानर उंचावरून वाघ बघतं आणि ओरडतं, झेप पडायची वाट बघत नाही.

अर्थात ही रेघ सगळीकडे एवढी स्वच्छ सापडत नाही. भात्याकडे गेलेला हात पाठ खाजवायलाही गेलेला असतो. आणि फासा पडला म्हणजे मारलंच पाहिजे, असंही खेळात नाही. आपल्या पाळीला मागे सरकता येतं, वार चुकवता येतो, बोलताही येतं. मुलं हे विसरतात. एकदा आकडे लागले की प्रत्येकाला वाटतं, पाळी म्हणजे वारच.

भरत-बाहुबलींचं युद्ध कधी सुरू झालं? चक्ररत्न अयोध्येच्या वेशीवर अडलं तेव्हा, भरताने दूत पाठवला तेव्हा, की सैन्यं समोरासमोर आली तेव्हा? मंत्र्यांनी तिथे एक चांगलं केलं. सैन्यं बाजूला ठेवून दोघा भावांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरवलं. पहिली दोन बाहुबलीने जिंकली. आदिपुराणात तिसऱ्यात तो भरताला वर उचलतो. आता फक्त आपटायचं बाकी असतं, आणि नियमाने ते चाललंही असतं. तो थोरल्या भावाला आपटत नाही, खांद्यावर घेतो. चक्र सुटतं ते त्यानंतर, हरलेल्याच्या हातून.