नव्या इंजिनाचा इसार देण्यापूर्वी

चि. समीर यास,

तुझं पत्र पोचलं. मे महिनाभर इंजिन तापत होतं आणि मिस्त्री म्हणतो, नवीनच बसवा. पण ते का तापतं, हे त्याने सांगितलं का? तुझ्या पत्रात तरी कुठे दिसलं नाही. ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी आहे, होडी शाकारून ठेवलेली आहे. सवडीने बघ.

आधी समुद्राचं पाणी आत येतं तिथली जाळी साफ कर. मग पंप उघडून रबरी इम्पेलर काढ. पातं तुटलेलं दिसलं तर नवा इम्पेलर घालून मोकळा होऊ नकोस. तुटका तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो, आणि नव्या इम्पेलरनेही इंजिन तापतच राहतं. तुकडा सापडेपर्यंत शोध. नळ्यांत क्षार धरले असतील तर तेही काढून घे.

एवढं करूनही तापलं, तर डिपस्टिक बघ. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी उतरतंय; ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट गेलं असेल. दोन्ही बदलता येतात. शिवाय सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन समोर उभं राहून मोजून घे आणि आकडे लिहून ठेव. एकाचंच कमी भरलं तर काम हेडपुरतं असू शकतं. सगळ्यांचं उतरलं असेल आणि निळा धूर येत असेल, तर लायनर-रिंगा झिजल्या, ओव्हरहॉल कर. ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँकशाफ्ट आणखी घासण्याजोगा उरला नसेल, तर मात्र मिस्त्री खरा.

तेव्हाही नुसत्या इंजिनाची किंमत धरू नकोस. फाउंडेशन बदलावं लागेल, गिअरबॉक्सचा रेशो वेगळा आला तर पंखाही. लाकडी होडी पाण्यात उतरली की तिचं अंग थोडं हलतं, म्हणून शाफ्टची लाईन पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावी लागते. ही मजुरी कोटेशनमध्ये बहुधा नसते.

आणि एक. लाखांचं नवीन इंजिन घ्यायला निघालास, पण पाण्याच्या होजला सायकलची ट्यूब गुंडाळलेली मी गेल्या खेपेला पाहिली. आपल्याकडे ही उलटी रीत का पडली कोण जाणे! इंजिन बंद पडलं तर दुसरी होडी ओढून आणते. पाण्याच्या पातळीखालचा होज रात्री फुटला तर ओढायला होडी उरत नाही. होज, क्लिप, बिल्ज पंप, त्याचा स्विच, लाईफ जॅकेट यांना ठिगळ लावायचं नाही. या आठवड्यातच नवीन आण. त्यासाठी इंजिनाच्या निर्णयाची वाट बघू नकोस.

कॉम्प्रेशनचे आकडे हाती येईपर्यंत कुणालाही इसार देऊ नकोस. आले की मला फोनवर सांग.

तुझा,
काका