गरज पाहावी, कारण विचारू नये



जकातीचे हक्कदार कोण, हे ठरविण्याचे काम अल्लाहने आपल्या मर्जीवर सोडलेले नाही. सूरह तौबाच्या 60व्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत आणि त्यांचा आरंभ फकीर व मिसकीन यांच्यापासून, म्हणजे निर्धन व गरजवंतांपासून होतो. मनुष्य निर्धन कशाने झाला, त्याचा आजार कोठून आला, ही विचारणा तेथे नाही. ती आपण पदरची जोडली आहे, आणि एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या गरिबाच्या वाट्याला ती सर्वांत अधिक येते.

“याने काही पाप केले असेल, मग माझी जकात याला का?” असे काही बांधव उघडपणे म्हणतात. कित्येक स्त्रियांना हा संसर्ग पतीकडून व बालकांना जन्मतः मिळतो, हे उत्तर खरे आहे. परंतु मी ते पुढे करणार नाही. कारण ते देताच निर्दोष आणि दोषी अशी वर्गवारी आपण मान्य करून बसतो. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका मनुष्याची हकीकत आहे. त्याने रात्री गुपचूप सदका दिला. तो चोराच्या हाती पडला. दुसऱ्या रात्री तो एका बदचालीच्या स्त्रीला मिळाला, तिसऱ्या रात्री एका धनवंताला. लोक चर्चा करीत राहिले. त्याने मात्र प्रत्येक वेळी अल्लाहची स्तुतीच केली. अखेरीस त्याला सांगण्यात आले की, कदाचित त्या दानामुळे चोर चोरी सोडील, ती स्त्री आपला मार्ग सोडील आणि धनवंत देण्यास शिकेल. जेथे चोराच्या हाती पडलेले दानही वाया गेले नाही, तेथे रुग्णाची झडती घेणारे आपण कोण?

दुसरी शंका व्यवहारातील आहे: औषध तर सरकार फुकट देते! होय, भारतात 2004 पासून शासकीय केंद्रांतून ए.आर.टी. औषधे विनामूल्य मिळू लागली. ती नियमित घेतल्यास माणूस दीर्घकाळ काम करू शकतो, संसार करू शकतो. परंतु केंद्र बहुधा शहरात असते. प्रवासाचा खर्च, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, हे सारे ज्याच्या त्याच्या खिशातून जाते. घरात धान्य नसेल तर रिकाम्या पोटी गोळ्यांचा त्रास सोसवत नाही. त्या चुकू लागतात, आणि चुकत राहिल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. महिन्याचा प्रवासखर्च आणि धान्य, एवढीच पुष्कळदा खरी गरज असते. जकातीच्या अडीच टक्क्यांतून ती सहज भागते.

आता देण्याच्या पद्धतीविषयी. सूरह बकरहच्या 271व्या आयतीत गरिबांना गुप्तपणे देणे अधिक चांगले म्हटले आहे, तर 264व्या आयतीत उपकार बोलून दाखविण्याने व मन दुखविण्याने सदका व्यर्थ होतो, असा इशारा आहे. इतर गरजवंतांच्या बाबतीत गुप्तता हे सौजन्य असेल. येथे ती संरक्षण आहे. नाव फुटले की भाड्याची खोली जाते, मुलीचे ठरलेले लग्न मोडते. आणि आपल्याकडे तर रेशनची पिशवी देतानाही छायाचित्र काढण्याची हौस! बैतुलमालच्या जबाबदारांनी यादीत आजाराचा रकाना ठेवूच नये. एका विश्वासू व्यक्तीने रक्कम पोहोचवावी, तीही इतर गरजू घरांप्रमाणेच. एच.आय.व्ही. व एड्सविषयीच्या 2017च्या कायद्यानेही संसर्ग असल्याचे उघड करण्याची सक्ती सर्वसाधारणपणे कोणावर करता येत नाही. जकात मुस्लिमांपुरती, असे बहुसंख्य फुकहांचे मत आहे. नफल सदक्याला मात्र तशी अट नाही, म्हणून शेजारचा हिंदू वा बौद्ध रुग्ण त्यातून वगळू नये.

एक गोष्ट मात्र दानाच्या खात्यात मांडू नये. पती वारल्यावर “तूच रोग आणलास” म्हणून सासरहून घालवलेल्या विधवेचा वारसाहक्क आजाराने बुडत नाही. सूरह निसाच्या 12व्या आयतीनुसार पतीला संतती असेल तर एक अष्टमांश, नसेल तर एक चतुर्थांश वाटा तिचा आहे. तो दाबून ठेवून ईदला तिला साडी पाठविणारी घरे आहेत. अशा ठिकाणी जमातीच्या मंडळींनी जकात नेण्यापूर्वी वाटणीचा हिशेब मागावा, आणि तिची इच्छा असल्यास तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे. तेथे स्त्रियांना वकील विनामूल्य मिळतो.