विटाळाची भीती मोजताना

मळाच्या, जंतूंच्या, परक्या स्पर्शाच्या भीतीने काही माणसांचं जगणं व्यापून जातं. मंत्रचळाचं हे नेहमी आढळणारं रूप. मंत्रचळाची लक्षणं मोजायला इटलीत सानाविओ यांनी १९८८ मध्ये ६० विधानांची ‘पादुआ’ प्रश्नावली तयार केली. नुसत्या आठवणीने किंवा अपमानानेही माणसाला मळल्यासारखं वाटतं, हे पुढे स्टॅनली रॅकमन यांनी मांडलं.

अशी मापनी बीड जिल्ह्यात वापरायची तर भाषांतर पुरणार नाही. ‘मी गरजेपेक्षा जास्त वेळा हात धुतो’ हे विधान घ्या. उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत दारातल्या ड्रमवर भागवणारं घर पुन्हा पुन्हा हात धुणार कशाने? ऊसतोडीला गेलेल्या बाईला कोपीवर धड न्हाणीही नसते. तिचे गुण कमी भरतील, भीती मात्र तेवढीच राहील. ती टाळण्यातून दिसेल: कडीला हात न लावणं, स्वतःचा पेला वेगळा ठेवणं, लेकराला जवळ न घेणं. तेही विचारायला हवं.

दुसरा पेच याहून अवघड आहे. शिवाशिवीत वाढलेला माणूस ‘दुसऱ्याने हात लावलेलं भांडं मला चालत नाही’ याला सहज होकार देईल. त्याला रुग्ण ठरवलं, तर जातीच्या माजाला आजारपणाची सबब मिळते. अस्पृश्यता संविधानाच्या १७व्या कलमाने बंद केली आहे. तिचा जाब कायद्यानेच विचारावा. उलट, पाळीत बाजूला बसवलेल्या मुलीच्या मनात मळल्याची भावना कायमची घर करून बसली, तर ‘आपल्यात असंच असतं’ म्हणून ती सोडून देणंही तितकंच चूक.

रीत आणि विकार वेगळे कसे काढायचे? १९८९ची येल-ब्राउन मापनी वाट दाखवते. विचारांत वेळ किती जातो, कामात अडथळा किती येतो, जिवाला त्रास किती होतो, ताबा किती राहतो, हे ती विचारते. रीत पाळली की मन निवतं. विकारात कितीही धुतलं तरी शंका उरतेच.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या जिल्ह्यासाठीची विधानं अशा ठिकाणी, रुग्णांच्या आणि घरच्यांच्या बोलण्यातून निघावीत. आधी थोड्या लोकांवर ती तपासावीत, मग विश्वसनीयता आणि सप्रमाणता पाहावी. माणसाचं पाणी, जात आणि घर न विचारता दिलेल्या गुणावरून कुणालाही रुग्ण किंवा निरोगी ठरवू नये.