आधी क्षमा, मग प्रायश्चित्त

‘माझा स्वभावच असा आहे, मी स्वतःला स्वीकारलंय.’ वसई-विरारमध्ये हल्ली व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपासून विरार लोकलमधल्या भांडणांपर्यंत हे वाक्य कानावर पडतं. घरात बायको-मुलांवर खेकसणारा माणूसही तेच म्हणतो आणि विषय मिटवून टाकतो. मला हे जिव्हारी लागतं, कारण स्वतःला स्वीकारणं ही मी फार मोलाची गोष्ट मानतो. बदल टाळण्यासाठी ती कधीच नव्हती.

बुद्ध, ऑगस्टीन, तुकोबा यांनी स्वतःच्या दोषांकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं, हे सांगायला नको. मला थांबायचंय ते पापनिवेदनापाशी, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापं कबूल करून क्षमा मागण्याच्या कॅथलिक विधीपाशी. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर हा विधी इथे आला. पापडी, निर्मळ, नंदाखालच्या चर्चमध्ये तो आजही चालतो.

ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काही शतकांत त्याचा क्रम आजच्या उलटा होता. गंभीर पाप केलेल्याने आधी चारचौघांत प्रायश्चित्त करायचं, कधी वर्षानुवर्षं, आणि मग बिशप त्याला पुन्हा मंडळीत घेत. तीही संधी बहुधा आयुष्यात एकदाच. मग लोक प्रायश्चित्त मृत्युशय्येपर्यंत पुढे ढकलू लागले. आधी सुधारा, मग जवळ घेऊ, असं म्हटल्यावर माणसं सुधारायची थांबली!

पुढे आयरिश मठवासीयांनी खाजगी, पुन्हा पुन्हा करता येणारं पापनिवेदन रुजवलं. साधारण अकराव्या शतकापर्यंत क्रम फिरला. कबुलीबरोबरच क्षमा, प्रायश्चित्त नंतर. या बदलाला सगळे ढिलाई समजतात. ज्यांना धाक हवा असतो ते त्यावर हळहळतात, ज्यांना सूट हवी असते ते खूश होतात. दोघांचीही नजर एका अटीवरून निसटते. क्षमा आधी मिळते खरी, पण मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल तर ती मिळत नाही. चोरलेलं परत करण्याची जबाबदारीही सुटत नाही. सुधारून दाखवण्याची अट गेली, सुधारायचं ठरवण्याची अट राहिली. माणसाला त्याच्या पापाहून मोठं मानलं गेलं ते इथे, आणि म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा ठेवता आली.

१९५५ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती भारतात रुजवली. एलिस देवाला न मानणारे, तरी त्यांनी हाच धागा उचलला. कृतीला चूक म्हणा, त्यावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरवू नका. ‘मी ओरडलो, ते वाईट होतं’ हे वाक्य ‘मी वाईट आहे’पेक्षा जास्त कठोर आहे. वाईट माणसाकडून कोण काय मागणार? वाईट कृतीबद्दल मात्र त्याच संध्याकाळी बायकोची माफी मागावी लागते, उद्या पुन्हा राग येईल तेव्हा काय करायचं हे ठरवावं लागतं. एलिस आपल्याकडे आलेल्यांना गृहपाठ देत, तो याचसाठी.