वर गेलेला अहवाल

आज सोयाबीन काय भावाने गेलं, हे हिमायतनगरच्या शेतकऱ्याला आजच कळतं. त्यावरून तो ठरवतो, पोती इथंच मोकळी करायची की भोकर गाठायचं. महिन्यापूर्वीचा भाव सांगून त्याला काय उपयोग?

पण घरातली लेक बाळंतपणात अडते, ‘नांदेडला न्या’ असं सांगितलं जातं आणि रात्रीच गाडी विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयाच्या वाटेला लागते, तेव्हा त्या घराजवळ काय माहिती असते? दवाखान्याची शेवटची तपासणी कधी झाली, परिचारिका किती कमी निघाल्या, औषधं किती दिवसांची शिल्लक होती? काहीच नाही.

तपासण्या होतात. साहेब येतात, साठा नोंदवही चाळतात, भेट नोंदवहीत शेरा लिहितात, अहवाल वर जातो. वर गेलेला अहवाल खाली कधी येतो, एवढंच मला विचारायचं आहे.

30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 तान्ही बाळं. 48 तासांत आकडा 31 वर गेला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, चौकशी समिती नेमली गेली, औषधं आणि रिक्त पदांची चर्चा राज्यभर झाली. पण पदं काही एका रात्रीत रिकामी होत नाहीत. ती महिनोन्महिने रिकामी असतात, कागदावर दिसत असतात. तो कागद लोकांनी आधी वाचला असता, तर आरडाओरडाही आधी झाला असता.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 म्हणतं, कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता शासनाने होईल तितकी माहिती स्वतःहून मांडत राहावी. एरवी अर्जाला 30 दिवस. पण प्रश्न जीविताचा असेल, तर कलम 7 प्रमाणे 48 तास. जिवाच्या बाबतीत उशीर चालत नाही, हे 2005 सालीच लिहून ठेवलं आहे.

इंग्लंडमध्ये 2015 पासून दवाखान्याला आणि वृद्धाश्रमाला तपासणीत मिळालेली श्रेणी दर्शनी भागात लावावीच लागते. तिथेही तपासण्या रखडल्या, 2024 साली त्यावर कडक ताशेरे आले. तरी निकाल कुठे लावायचा, हे तिथे ठरलेलं आहे. आपल्याकडे तेही नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रामीण रुग्णालयासाठी रुग्ण कल्याण समिती असते. मागच्या तपासणीची तारीख आणि आढळलेल्या त्रुटी दारातल्या भिंतीवर लावा, असा एक अर्ज या आठवड्यात तिच्याकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.